गोल म्हणजे किती गोल? जुहू गल्लीतल्या एका जुन्या ग्राइंडिंग मशीनची गोष्ट

(हा एपिसोड ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी लिखित रूप. बोलताना झालेले 'म्हणजे', 'ॲक्च्युली' जमेल तेवढे काढलेत. सगळे निघाले नाहीत.)

आज सुरुवातीला दहा सेकंद मी काहीच बोलणार नाहीये. हेडफोन असतील तर लावा आणि ऐका.

(इथे मशीनचा आवाज आहे. आधी जाड 'घर्रर्र', मग बारीक 'स्स्स्स', आणि शेवटी जवळजवळ शांतता.)

ऐकलंत? बऱ्याच जणांना वाटेल की कोणीतरी कढईत फोडणी टाकली आणि गॅस हळूहळू बंद केला. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. हा आवाज एका सिलिंड्रिकल ग्राइंडिंग मशीनचा आहे. अंधेरी पश्चिमेला जुहू गल्लीच्या आतल्या बाजूला एक गाळा आहे, दोन रिक्षा शेजारी उभ्या राहतील एवढाच. तिथे मी हा आवाज रेकॉर्ड केला.

मी तिथे कशी पोचले? माझा एक मित्र इंटिरिअर डिझाइनचं काम करतो. त्याने एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'व्हिंटेज पीस! जुहूच्या एका कॅफेसाठी बघतोय. तू इंजिनिअर आहेस ना, हे नक्की काय आहे सांग.' फोटोत हिरव्या रंगाचं, लांबलचक, ओतीव लोखंडाचं एक धूड होतं. मी सॉफ्टवेअरवाली. बी.टेक.च्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये असं एक मशीन पिवळ्या रेषेच्या मागे उभं राहून लांबून बघितलं होतं, जर्नलमध्ये त्याची आकृती काढली होती आणि परीक्षेनंतर सगळं विसरून गेले होते. त्याला मी लिहिलं, 'ग्राइंडर आहे.' तो म्हणाला, 'मसाल्याचा?'

मग ठरवलं की जाऊन बघूया. आणि गेल्यावर कळलं की जुहूचा, कुर्ल्याचा, मुंबईच्या टॅक्सीचा आणि माझ्या स्वतःच्या ऑफिसचाही इतिहास या मशीनला कुठे ना कुठे चिकटलेला आहे.

आधी मशीन समजून घेऊ

गाळ्याचे मालक सत्तरीतले आहेत. नाव सांगू नकोस म्हणाले, म्हणून आपण त्यांना काका म्हणूया. काकांनी मला आधी स्टूल दिलं, मग चहा मागवला आणि मग एक प्रश्न विचारला.

"हा शाफ्ट बघ. गोल आहे का?"

हातात जाडजूड पेन्सिलीएवढा पोलादी दांडा होता. चकचकीत. मी म्हटलं, हो, गोल आहे.

"कशावरून?"

आता काय सांगणार! दिसतोय गोल. काकांनी मायक्रोमीटर लावला, एक माप वाचलं, दांडा थोडा फिरवला, दुसरं माप वाचलं. दोन मापांत दोन शतांश मिलिमीटरचा फरक. म्हणजे वीस मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. "हा गोल नाही," काका म्हणाले, "हा अंडं आहे."

लेथवर आपण धातू कापतो, टोकदार हत्याराने सालं काढावीत तसा. पण दांड्याला कडक पाणी दिलं, म्हणजे तापवून झटकन थंड केलं, की पोलाद इतकं कठीण होतं की साधं हत्यार त्याच्यावरून घसरतं. शिवाय पाणी देताना दांडा किंचित वाकतो, फुगतो. म्हणजे जी वस्तू सगळ्यात जास्त अचूक हवी, तीच नेमकी कापता येत नाही. इथे ग्राइंडर लागतो.

चित्र असं डोळ्यांसमोर आणा. दांडा आडवा, दोन्ही टोकांना छोटे खड्डे, आणि त्या खड्ड्यांत दोन बाजूंनी दोन टोकदार सेंटर. गंमत म्हणजे ही दोन्ही सेंटर स्वतः फिरत नाहीत. ती ठाम उभी असतात आणि दांडा त्यांच्यावर फिरतो. असं का? सेंटर फिरतं ठेवलं, तर त्याच्या बेअरिंगमध्ये जी काही खोट असेल ती दांड्यात उतरणार. सेंटर हललंच नाही, तर ती खोट येणार कुठून! दांडा गोल होतो तो एका न हलणाऱ्या टोकाच्या भरवशावर. कॉलेजात हे मी पाठ केलं होतं. समजलं ते काकांच्या स्टुलावर बसल्यावर.

मागून येतो तो दगड, म्हणजे ग्राइंडिंग व्हील. काकांच्या मशीनचा दगड जवळपास चारशे मिलिमीटर व्यासाचा. तो मिनिटाला दीड हजाराच्या आसपास फेरे घेतो. हिशोब केला तर त्याचा काठ सेकंदाला तेहेतीस मीटर धावतो, म्हणजे ताशी जवळपास १२० किलोमीटर. समोर दांडा संथ फिरत असतो, टेबल डावीउजवीकडे सरकत असतं आणि वरून दुधासारखं पांढरं पाणी पडत असतं. पाण्यात मिसळलेलं तेल असतं ते. दगडाचा प्रत्येक कण म्हणजे एक छोटं हत्यार, असे लाखो कण. आपण ज्याला ठिणगी म्हणतो, तो त्या कणाने काढलेला पोलादाचा भुगा. हवेत येताच जळतो, म्हणून चमकतो.

शेवटची पायरी मला सगळ्यात आवडली. माप जवळ आलं की काका दगड पुढे सरकवणं थांबवतात आणि मशीन तसंच चालू ठेवतात. दाबामुळे दांडा आणि मशीन दोन्ही कणभर वाकलेले असतात, ते आता हळूहळू सरळ होतात. ठिणग्या कमी होत जातात आणि आवाज बारीक होत जातो. ठिणगी पूर्ण मेली की काम झालं. सुरुवातीला तुम्ही जे ऐकलंत ना, फोडणीचा गॅस बंद होतोय असं वाटलं, ते हेच होतं. याला 'स्पार्क आउट' म्हणतात.

काकांना आता कमी ऐकू येतं. तरी ते मशीनच्या हेडवर दोन बोटं ठेवून सांगतात, "अजून थोडं आहे." आणि थोडं असतंच.

गोष्ट सुरू होते शिलाई मशीनपासून

आता थोडं मागे जाऊ. जग, एकोणिसावं शतक.

दगडावर घासून धार लावणं फार जुनं. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या कारखान्यांत चाकू-कात्र्या घासणारे कामगार तरुण वयातच छातीच्या रोगाने मरायचे, कारण नैसर्गिक वालुकाश्माची धूळ फुप्फुसात बसायची. तेव्हा या कामाला अचूकपणाशी काही देणंघेणं नव्हतं. घासायचं, चमकवायचं, बस.

बदल झाला अमेरिकेत, ऱ्होड आयलंडच्या प्रॉव्हिडन्स शहरात. ब्राउन अँड शार्प नावाची कंपनी तिथे शिलाई मशिन्स बनवायची. शिलाई मशीनमधली सुई वरखाली करणारी दांडी कडक पोलादाची हवी आणि एकदम मापातही हवी. हजारो मशिन्स, प्रत्येकात तीच दांडी, आणि प्रत्येक दांडी प्रत्येक मशीनमध्ये बसली पाहिजे. जोसेफ ब्राउन यांनी आधी लेथवरच दगड बसवून काम चालवलं. ते पुरेना, तेव्हा त्यांनी 'युनिव्हर्सल ग्राइंडिंग मशीन' तयार केलं. १८७६ साली ब्राउन वारले आणि मशीनचं पेटंट १८७७ मध्ये आलं. काकांच्या गाळ्यातल्या मशीनची मांडणी आजही मुळात तीच आहे : दोन सेंटर, सरकतं टेबल, मागे दगड.

पण तेव्हा सगळ्यांना वाटायचं की ग्राइंडिंग म्हणजे शेवटचा हात, केसभर धातू काढायचा आणि सोडून द्यायचं. हे चुकीचं आहे असं म्हणणारा माणूस त्याच कंपनीत होता, चार्ल्स नॉर्टन. त्याचं म्हणणं असं की मशीन वजनदार करा, दगड रुंद करा, मग लेथ आणि कानसचं अर्धं काम ग्राइंडरच करेल. त्याचं कोणी मनावर घेईना. १९०० साली तो बाहेर पडला आणि वूस्टर शहरात स्वतःची कंपनी काढली. त्याला पाठबळ दिलं दगड बनवणाऱ्या नॉर्टन कंपनीने. आडनाव सारखं असलं तरी नातं काही नाही, निव्वळ योगायोग! हे नाव लक्षात ठेवा, आपल्याला परत लागणार आहे.

१९०३ च्या सुमारास त्याने मोटारीच्या क्रँकशाफ्टसाठी ग्राइंडर आणला. क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टनच्या वरखाली जाण्याला गोल फिरण्यात बदलणारा वाकडातिकडा दांडा. तो आधी हाताने कापून, कानसने घासून, पॉलिश करून तयार करायला पाच तास लागायचे. नॉर्टनच्या मशीनवर ते काम पंधरा मिनिटांवर आलं. हेन्री फोर्डने अशी पस्तीस मशिन्स घेतली. फोर्डची असेंब्ली लाइन आपण सगळे शाळेत शिकतो. पण असेंब्ली लाइनवर माणूस कानस घेऊन उभा राहू शकत नाही. समोर आलेला भाग न घासता, न ठोकता बसायला हवा. ते जमलं ते बऱ्याच अंशी ग्राइंडरमुळे.

दगडही बदलला होता. १८९१ मध्ये एडवर्ड ॲचेसनला विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड मिळालं, ज्याला आपण कार्बोरंडम म्हणतो. थोड्याच वर्षांत कृत्रिम ॲल्युमिनियम ऑक्साइड आलं. त्यामुळे दगड निसर्गाच्या मर्जीवर राहिला नाही. किती कठीण, किती जाड, किती पोकळ हे ठरवून बनवता यायला लागलं. काकांच्या दगडावर लिहिलंय 'ए ४६ के ५ व्ही'. मला तो एखादा वायफायचा पासवर्ड वाटला. पण प्रत्येक अक्षराला अर्थ आहे : ए म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, ४६ ही कणाची जाडी, के म्हणजे कण किती घट्ट धरलाय, ५ म्हणजे कणांमध्ये जागा किती, आणि व्ही म्हणजे मातीच्या बंधाने भट्टीत भाजलेला. कण बोथट झाला की तो तुटून पडायला हवा, म्हणजे मागचा ताजा कण पुढे येतो. फार घट्ट धरला तर दगड गुळगुळीत होऊन काम जाळतो, फार सैल धरला तर दगडच झिजतो.

आता येऊ जुहूला

जुहू म्हटलं की आपल्याला चौपाटी, पाणीपुरी आणि स्टार लोकांचे बंगले आठवतात. पण १९२८ साली इथे विमानतळ सुरू झाला, आणि आपल्या देशातल्या नागरी विमान वाहतुकीची सुरुवातीची वर्षं याच चिखलाच्या मैदानावर गेली. १० फेब्रुवारी १९२९ ला जे. आर. डी. टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला, भारतात दिला गेलेला पहिला, क्रमांक एक.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी कराचीहून एक छोटं पुस मॉथ विमान निघतं. वैमानिक जे. आर. डी. स्वतः. सोबत सुमारे २५ किलो टपाल. अहमदाबादला पेट्रोल भरायला उतरतात, तिथे पेट्रोलचे डबे येतात बैलगाडीवरून. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरतं. पुढचं टपाल मद्रासला न्यायचं काम त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिंटसेंट यांचं.

हा फोटो, हा किस्सा आपण शंभरदा बघितलाय. पण आज मला तुम्हाला विमानाच्या नाकातलं इंजिन दाखवायचंय. जिप्सी थ्री, चार सिलिंडर, १२० अश्वशक्तीचं, आणि उलटं बसवलेलं, म्हणजे सिलिंडर खाली आणि क्रँकशाफ्ट वर. एकच इंजिन. वाटेत ते बंद पडलं तर दुसरं नाही. त्या क्रँकशाफ्टच्या प्रत्येक गोल भागाभोवती बेअरिंग, आणि दोघांच्या मध्ये तेलाचा एक पातळसा थर. तो थर सगळीकडे सारखा राहायचा तर शाफ्ट अंडं असून चालत नाही. कराची ते जुहू हा सगळा प्रवास त्या केसाहून पातळ थरावर झाला, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

आणि जुहूला तेव्हा काय होतं? झावळ्यांनी शाकारलेली एक शेड, एक अर्धवेळ इंजिनिअर आणि दोन शिकाऊ मेकॅनिक. एवढ्यावर टपालसेवा सुरू झाली. पावसाळ्यात मैदानाचं तळं व्हायचं, मग सगळं बिऱ्हाड पुण्याला येरवड्याला हलवायचे. जे. आर. डीं.चं नाव आपल्याला पाठ आहे, आणि असायलाच हवं. त्या दोन शिकाऊ मुलांची नावं मात्र मला कोणत्याच गोष्टीत ऐकायला मिळाली नाहीत. काकांना हे सांगितलं तर ते हसले. "हेल्परचं नाव कोण लिहितं गं?"

दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी विमानं शेजारी सांताक्रूझला गेली. जुहूला आज हेलिकॉप्टर उतरतात. मी काकांना मोठ्या आशेने विचारलं, तुमच्याकडे कधी विमानाचं काम आलं का? "नाही गं. त्यांचं काम कागदावर चालतं. प्रत्येक नटबोल्टाला सर्टिफिकेट लागतं. आपल्याकडे काय, टॅक्सी, छापखाने आणि शूटिंगवाले."

कुर्ला, मोरा आणि काळी-पिवळी

इथपर्यंत मशिन्स परदेशातली, दगड परदेशातला. काकांच्या मशीनवरही पितळेची पाटी आहे ती इंग्लंडची, चर्चिल कंपनीची. मँचेस्टरजवळच्या ब्रॉडहीथमधली ही कंपनी ग्राइंडिंग मशिन्ससाठीच ओळखली जायची. काकांच्या आधीच्या मालकाने हे मशीन जुनंच विकत घेतलं होतं, सत्तरच्या दशकात. म्हणजे ते काकांकडे आलं तेव्हाच 'व्हिंटेज' होतं!

पण चित्र चाळीसच्या दशकात बदलायला लागलं. युद्ध सुरू होतं, बाहेरून यंत्र येणं कठीण. १९४१ मध्ये किर्लोस्करांनी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू केली आणि तिथे लेथ बनायला लागले. त्याच साली, उरणजवळच्या मोरा इथे ग्राइंडवेल नावाचा ग्राइंडिंग व्हीलचा कारखाना निघाला. मोरा म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून लाँच जाते ना, तेच. आपण करंजा-पिरवाडीला फिरायला जाताना उतरतो, तिथेच आपल्याकडचे सुरुवातीचे दगड भाजले गेले. पुढे याच कंपनीशी अमेरिकेची नॉर्टन कंपनी जोडली गेली आणि नाव झालं ग्राइंडवेल नॉर्टन. मघाशी म्हटलं होतं ना, हे नाव परत येणार! वूस्टरमधलं नाव असं फिरत फिरत उरणला येऊन पोचलं.

१९४४ साली वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. कारखाना कुर्ल्याला. तिथे पुढे फियाट ११०० आली, आणि सत्तरच्या दशकात तिचं नाव झालं प्रीमियर पद्मिनी. आपली काळी-पिवळी. आता टॅक्सी म्हणजे काय, दिवसभर पहिला-दुसरा गिअर, सिग्नल, उकाडा, दोन शिफ्टमध्ये दोन ड्रायव्हर. इंजिन झिजणारच. आणि क्रँक एकसारखा झिजत नाही. पिस्टनचा धक्का ठरावीक बाजूने जास्त बसतो, म्हणून तो अंडं होतो.

मग टॅक्सीवाला गॅरेजला जायचा, गॅरेजवाला क्रँक काढून ग्राइंडिंगवाल्याकडे पाठवायचा. काकांनी तरुणपणी असंच काम केलं, दुसऱ्याच्या दुकानात, खास क्रँकच्या ग्राइंडरवर. तिथली भाषा ऐका : 'दहाला मारला', 'वीसला मारला'. म्हणजे इंचाचे दहा हजारांश, वीस हजारांश घासून पुन्हा गोल केला आणि तेवढंच जाड बेअरिंग घातलं. दहा, वीस, तीस, चाळीस. चाळीसनंतर सहसा क्रँक भंगारात. म्हणजे एका क्रँकला चार जन्म मिळायचे. काकांच्या पिढीचे लोक अजून सूत आणि थाऊत बोलतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, थाऊ म्हणजे हजारावा. एका सुतात सव्वाशे थाऊ. त्याच माणसाला मायक्रॉनमध्ये विचारलं तर तो तोंडी गुणाकार करून सांगतो.

यात एक बारकावा आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटला. क्रँकच्या कोपऱ्यात, जिथे गोल भाग संपून भिंत सुरू होते, तिथे एक छोटी वक्र गोलाई असते. घाईत काम करणारा माणूस दगडाची कड तीक्ष्ण ठेवतो आणि तो कोपरा काटकोनात कापून टाकतो. मायक्रोमीटरवर माप बरोबर येतं, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. पण ताण त्या कोपऱ्यात साठतो आणि काही महिन्यांनी क्रँक तिथेच तुटतो. काका म्हणाले, "ते कुणाला दिसत नाही. दगडाचा कोपरा हिऱ्याने घासून गोल करायला दहा मिनिटं जातात. ती दहा मिनिटं तू देतेस का नाही, एवढाच प्रश्न."

मी आठवड्यातून पाच दिवस कोड लिहिते. टेस्ट पास झाली की झालं, असं मीही करते. त्या वाक्यानंतर जरा गप्प बसले.

गाळे गेले कुठे?

१९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि अंधेरी पूर्वेला मरोळ भागात कारखान्यांची वसाहत उभी राहिली. १९७३ मध्ये तिथेच सीप्झ आलं. तेव्हा या पट्ट्यात लेथ, मिलिंग, ग्राइंडर यांचा आवाज होता. माझं ऑफिस आज त्याच भागात आहे. बिल्डिंगला काचा, खाली कॉफी शॉप. गेल्या वर्षी कळलं की आधी त्या प्लॉटवर मशीन शॉप होतं. कँटीनच्या मागे अजून एक जुना लोखंडी रूळ जमिनीत आहे. आम्ही सगळे त्याला अडखळतो.

बदलायची कारणं बरीच. जागेचे भाव हे पहिलं. कॉम्प्युटरवर चालणारे ग्राइंडर आले, तेही खरं. ते रात्रभर एकसारखं काम करतात आणि त्यांना चहा लागत नाही. आणि गाड्याही बदलल्या. आज इंजिनात बिघाड झाला तर बरेचदा अख्खा भाग नवा टाकतात, घासत बसत नाहीत. पद्मिनी तर गेलीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, रडक्या इमोजी टाकल्या. मीही टाकली. तिच्याबरोबर तिचे क्रँक घासणाऱ्यांचं काम गेलं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

मी असं म्हणत नाहीये की जुनं ते सगळं सोनं. काकांच्या उजव्या हाताला अडीच बोटं आहेत. दगड फुटला तर काय होतं, हे त्यांनी बघितलंय. म्हणून नवा दगड बसवण्याआधी ते तो लाकडी मुठीने ठोकून कानाजवळ धरतात. घंटेसारखा वाजला तर बरा, बद्द वाजला तर आत तडा. आता ऐकू कमी येतं, म्हणून शेजारच्या वेल्डिंगवाल्या मुलाला बोलावून त्याच्याकडून ऐकून घेतात. नवीन बंदिस्त मशिन्समध्ये माणूस जास्त सुरक्षित आहे, आणि ते चांगलंच आहे.

मग मशीनचं काय झालं?

काकांपुढे तीन गिऱ्हाइकं होती. एक भंगारवाला, किलोच्या भावाने. दुसरा माझा मित्र, कॅफेसाठी. कॅफेवाले भंगारापेक्षा चांगले पैसे देत होते. मशीन घासूनपुसून, काळा रंग देऊन, वर काच टाकून त्याचं काउंटर करणार होते. तिसरं गिऱ्हाईक कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं एक छोटं वर्कशॉप. त्यांना मशीन चालवायलाच हवं होतं, पण पैसे कॅफेपेक्षा कमी आणि तेही दोन हप्त्यांत.

मी मित्राच्या बाजूने गेले होते, हे कबूल करते. मला वाटत होतं की भंगारात जाण्यापेक्षा कॅफेत उभं राहिलेलं बरं, लोक बघतील तरी. मी काकांना तसं म्हटलंही.

ते म्हणाले, "काय बघतील? वर कप ठेवतील."

मग त्यांनी मला टेबलाखालच्या सरकपट्ट्या दाखवल्या. तिथे लोखंडावर बारीक खवल्यांसारखी नक्षी होती. ती नक्षी नव्हेच. कारागिराने पोलादी खरवडणीने हाताने खरवडून पृष्ठभाग सपाट केल्याच्या त्या खुणा. त्या खळग्यांत तेल थांबतं. ब्रॉडहीथमधल्या कुणीतरी ते काम केलं, आणि इतक्या वर्षांनंतर टेबल अजून सरळ सरकतं. "हे बिघडलेलं नाही," काका म्हणाले. "बिघडलेलं असतं तर मीच दिलं असतं तुझ्या मित्राला, आनंदाने."

घरी मुलगा-सून कॅफेच्या बाजूने होते, आणि त्यांचंही चुकीचं नव्हतं. गाळ्याचं भाडं थकलेलं होतं. फरक काही हजारांचा नव्हता, चांगला मोठा होता. काका आठवडाभर विचार करत होते. शेवटी मशीन कोल्हापूरला गेलं. पहिला हप्ता आलाय. दुसरा अजून यायचाय. सुनेने मला फोनवर सांगितलं, "तुमच्या पॉडकास्टमध्ये हेपण सांगा."

तर सांगितलं.

क्रेनने मशीन उचललं त्या दिवशी मी तिथे होते. त्याच्या आदल्या संध्याकाळी काकांनी शेवटचं काम केलं, एका शूटिंगच्या ट्रॉलीचा शाफ्ट. मी माइक लावून ठेवला होता. सुरुवातीला ऐकलात तो आवाज त्याचाच. आता परत ऐकवते, आता तुम्हाला कळेल काय चाललंय ते. पहिल्यांदा दगड चढतोय. मग काका थांबतात. मग मशीन आणि शाफ्ट दोघं सरळ होताहेत.

(पुन्हा तोच आवाज. शेवटी काकांचा आवाज : "बघ, आता गोल आहे.")

तुमच्या घरात, बिल्डिंगच्या मागे, गावाकडे असं कोणी असेल, फिटर, टर्नर, ग्राइंडर, मोल्डर, तर एक काम करा. फोनमधला रेकॉर्डर चालू करा आणि त्यांना विचारा, काम बरोबर झालं हे तुम्हाला कळतं कसं? अर्धा तास पुरेल. परवानगी विचारून मला पाठवलंत तर पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये आपण ते सगळ्यांना ऐकवू. आणि नाव सांगायला ते तयार असतील, तर नाव नक्की लिहून ठेवा.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.